लहानपणी हाताला लागलेली कला आणि मोठेपणीचं ललितेतर लेखन

बारवांच्या_शोधात (धागाकर्ती)
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडते आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

गेल्या आठवड्यात व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' पुन्हा वाचायला घेतलं. १९७९ सालचं पुस्तक, विदर्भातल्या जंगलात राहून, पायी हिंडून लिहिलेलं. आत त्यांची स्वतःची रेखाटनं आहेत. या खेपेला मी आधी नुसती चित्रं पाहिली आणि मग मजकुराकडे वळले. तेव्हा जाणवलं, दोन्हींमागचा हात एकच आहे. रेखाटनात जशी मोजकी रेघ, तसंच वाक्य. जे दिसलं तेवढंच, आणि जिथे थांबायचं तिथे थांबलेलं.

माडगूळकर एके काळी चित्रकला शिकायला घराबाहेर पडले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. माणदेशात १९२७ साली जन्म. हायस्कूलचं शिक्षण नाही. कोवळ्या वयात निंबवड्याच्या शाळेत मास्तरकी, मग स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी. आणि या धामधुमीत चित्रकला शिकायची म्हणून त्यांनी कोल्हापूर गाठलं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांचं कोल्हापूर. तिथे त्यांना लिहायला लावणारी माणसं भेटली, १९४६ साली कथेला बक्षीस मिळालं आणि कुंचला मागे पडत गेला. 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आलं तेव्हा वय होतं बावीस. त्यातला धर्मा रामोशी किंवा झेल्या आठवून बघा. आपल्याला त्यांचं चरित्र आठवत नाही, त्यांचं उभं राहणं आठवतं.

मग ती चित्रकला वाया गेली का? माझं म्हणणं असं की ती सगळी लेखनात जिरली. कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला एखादी खिडकी हवी असेल तर ती तो भिंतीत बसवू शकतो. खरं लिहिणाऱ्याला ती मुभा नाही. खिडकी होती की नव्हती, हे त्याने पाहिलेलं असायला हवं. पाहिलं नसेल तर पुढचं सगळं अडतं. म्हणून वाटतं, लहानपणची कला ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरीबाहेरचं खरं लिहिणाऱ्या लेखकाला विषय देते की नाही हे फार महत्त्वाचं नाही. ती त्याला साठवण्याची सवय लावते, आणि ती सवय पंचविशीनंतर लावून घेणं फार कठीण जातं.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून बोलते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमिजिएटला 'बी' श्रेणी मिळाली. दहावीनंतर घरच्यांनी रंगपेटी माळ्यावर ठेवली आणि मी विज्ञान शाखेला गेले. पुढे नोकरी, संसार, बदल्या. वयाच्या चाळिशीत मराठवाड्यातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, लिहायला लागले. पहिले तीन लेख मी फोटोंवरून लिहिले. भरपूर फोटो असायचे, तरी लेख सपाट व्हायचे. चौथ्या बारवेपाशी फोनची बॅटरी संपली आणि नाइलाजाने वहीत आराखडा काढत बसले. काढायचं म्हणजे पायऱ्या मोजणं आलं. मोजताना दिसलं की एका बाजूच्या पायऱ्या जास्त झिजल्या आहेत. त्याच बाजूच्या काठाच्या दगडावर दोरांनी पडलेले घळ होते. वर जाऊन पाहिलं तर मोटेची धाव (मोट ओढताना बैल चालायचे ती वाट) त्याच अंगाला, थारोळ्याचा, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या कुंडीचा, फुटका दगडही तिथेच पडलेला. देवकोष्ठं, म्हणजे देवांच्या मूर्तींचे कोनाडे, मात्र समोरच्या बाजूला, आणि त्या पायऱ्या जवळजवळ कोऱ्या. म्हणजे एकाच विहिरीत शेताची बाजू वेगळी आणि देवाची वेगळी. फोटोत हे सगळं होतं. मी घरी येऊन तपासलं, सगळं होतं. मला ते दिसलं नव्हतं.

तर प्रश्न असा: तुम्ही वाचलेल्या किंवा स्वतः लिहिणाऱ्या लोकांमध्ये असं काही आढळलं आहे का? चित्र, गाणं, नाटक, काहीही चालेल. आणि उलट उदाहरणं असतील तर तीही द्या.

---

निवृत्त_कलाशिक्षक
शनिवार, रात्री १०:२५

ताई, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं नाव काढलंत म्हणून लिहितो. चौतीस वर्षं मी याच परीक्षांना मुलं बसवली.

या परीक्षांमध्ये स्मरणचित्र नावाचा विषय असतो. समोर काही ठेवलेलं नसतं. 'आठवडी बाजार', 'पाणवठा', 'बस थांबा' असा विषय देतात आणि आठवून काढायला सांगतात. नवी मुलं काय काढतात, ते सगळ्यांना माहीत आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, उडते पक्षी आणि नारळाचं झाड. माझी शाळा विदर्भातली. आमच्या पंचक्रोशीत नारळाचं झाड नव्हतं. तरी प्रत्येक कागदावर नारळ असायचाच, कारण तो आधीच्या मुलाच्या कागदावर होता.

मी त्यांना बुधवारच्या बाजारात न्यायचो, कागद-पेन्सिल न देता. परत आल्यावर विचारायचो, मिरची विकणाऱ्या बाईने तराजू कोणत्या हातात धरला होता? बैल बसलेला असताना पुढचे पाय कुठे असतात? पोत्याचं तोंड ती बाहेर दुमडते की आत? पहिल्या बाजाराला कोणालाच उत्तर यायचं नाही. चौथ्या-पाचव्या बाजारापर्यंत मुलं आपणहून सांगू लागायची, आणि मग त्यांच्या चित्रांतला नारळ निघून जायचा.

माझ्या त्या मुलांपैकी चित्रकार एकही झाला नाही. एक मुलगा आज कृषी विषयावर फार चांगलं लिहितो. त्याच्या लेखांमध्ये कधीही 'हिरवा शालू नेसलेली धरती' येत नाही. तो बांधावर कोणतं गवत माजलंय ते लिहितो. त्याला ते कुठून आलं, हे मला माहीत आहे आणि त्यालाही.

---

खर्ज
शनिवार, रात्री ११:१०

फार जिव्हाळ्याचा विषय. मी गाण्याच्या बाजूने भर घालतो.

वामनराव देशपांडे घ्या. जन्म १९०७, भोरचा. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, मुंबईत. पण गाणं लहानपणापासून कानात, आणि शिकले ते एकाच ठिकाणी चिकटून नाही. ग्वाल्हेर घराण्याची (घराणं म्हणजे गाण्याची परंपरा) तालीम, किराण्याची सुरेशबाबू मान्यांकडे, पुढे जयपूरची मोगूबाई कुर्डीकरांकडे. मैफल गाजवणारे गायक झाले का? तसं नाव त्यांचं गायक म्हणून नाही. पण १९६१ साली त्यांचं 'घरंदाज गायकी' आलं आणि मराठीत संगीतावर लिहिण्याची रीतच बदलली.

त्या पुस्तकाचा गाभा असा की प्रत्येक घराणं स्वर आणि लय यांना कमी-अधिक तोलतं. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर या दोहोंचा तोल सांभाळणारं, आणि बाकीची मध्ये कुठे ना कुठे. वाचायला सोपं वाटतं. मात्र हे कोणाला सुचेल? ज्याच्या गळ्याने तीन वेगवेगळ्या शिस्ती सोसल्या आहेत त्यालाच. एका घराण्याचा निष्ठावंत शिष्य स्वतःच्या घराण्याची थोरवी लिहितो. नुसता श्रोता आवड-नावड लिहितो. आलाप किराण्याचा म्हणून घ्यायचा आणि तोच जयपूरच्या अंगाने घेताना श्वास कुठे तोडावा लागतो, हे अनुभवलेला माणूस तुलना लिहू शकतो. मला तर त्यात हिशेबनिसाची नजरही दिसते: दोन्ही बाजू मांडायच्या आणि ताळा जुळवायचा.

दुसरं नाव गोविंदराव टेंबे. वकिलीचं शिक्षण, पण जीव पेटीत. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या (१९११), 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या मराठी बोलपटात हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच. त्यांनी १९३९ मध्ये 'माझा संगीत व्यासंग' लिहिलं. साथीला बसणाऱ्याचं काम काय असतं? गायक कुठे जाणार आहे याचा अंदाज घेत त्याच्या अर्धं पाऊल मागे राहायचं, त्याच्यावर कुरघोडी करायची नाही. त्यांनी मोठ्या गवयांविषयी लिहिलं आहे ते असंच. समोरच्याला जागा देऊन, त्याचं वळण ओळखून. दुसऱ्या माणसावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने काही वर्षं कोणाची तरी साथ करावी, असं मला मनापासून वाटतं.

---

सातबारा
रविवार, सकाळी ७:५५

धागा आवडला, पण माझा मुद्दा वेगळा आहे.

मी वीस वर्षं ग्रामीण पत्रकारिता केली. कलेकडून आलेल्या लेखकांची एक अडचण मी जवळून पाहिली आहे. त्यांना दिसतं फार चांगलं, आणि जे सुंदर दिसतं तिथे ते रेंगाळतात. दुष्काळी गावात गेले की भेगाळलेली जमीन, म्हातारीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, रिकाम्या घागरींची रांग. वर्णन उत्तम. पण टँकर दिवसाला किती येतात, मंजूर किती आहेत, टँकरचा ठेकेदार कोण, गावाची विहीर कोणाच्या गट नंबरात आहे? हे लेखात नसतं, कारण हे कागदात असतं आणि कागद काही दिसायला देखणा नाही.

माझ्याकडून स्वतः ही चूक झाली आहे. एका गावातल्या पाण्याच्या टंचाईवर मी लेख लिहिला, लोकांनी डोक्यावर घेतला. सहा महिन्यांनी त्याच गावातला एक शेतकरी मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्या घागरी लिहिल्या. पाणी कोणी अडवलं ते लिहिलं नाही." ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी तलाठ्याकडे आधी जातो, गावात नंतर.

म्हणून विचारतो, लहानपणची कला लेखकाला देखण्या गोष्टींकडेच ओढत नाही का?

---

बारवांच्या_शोधात
रविवार, सकाळी ९:३०

@सातबारा, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि ते खरं आहे. माझ्याही सुरुवातीच्या लेखांमध्ये शेवाळ, कबुतरं आणि संध्याकाळचं ऊन भरपूर होतं.

तरी एक सांगते. चित्र 'पाहणं' आणि चित्र 'काढणं' यांत फरक आहे. तुम्ही म्हणता तो मोह पाहणाऱ्याचा आहे. काढणाऱ्याला मोजावं लागतं. घागरींची रांग पेन्सिलीने काढायला बसलात तर घागरी मोजाल, मग पहिली घागर कोणाच्या दारासमोर आहे हे दिसेल, आणि तिथून ठेकेदारापर्यंतचा रस्ता कदाचित सापडेल. कदाचित म्हणते, कारण पुढे सातबारा काढावाच लागतो. तो उतारा चित्रातून मिळत नाही, हे मान्य.

---

नेपथ्य
रविवार, दुपारी १२:१५

सातबारा यांच्या प्रश्नाला द. ग. गोडसे हे चांगलं उत्तर ठरावं.

जळगाव जिल्ह्यातला १९१४ चा जन्म, वाढले नागपूरकडे, चित्रकला शिकायला लंडनच्या स्लेड कलाशाळेपर्यंत गेले. मराठी रंगभूमीवर त्यांनी केलेल्या नेपथ्याची संख्या मोठी आहे. पुस्तक मात्र उशिरा आलं. 'पोत' १९६३ चं, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यानंतर ते थांबले नाहीत. कला, इतिहास, लोकपरंपरा, आणि मस्तानीवर एक सबंध पुस्तक.

मी हौशी नाटकांची नेपथ्यं करतो म्हणून मला त्यांचं लेखन जवळचं. नेपथ्यकाराला नाटकाची संहिता मिळाली की पहिला प्रश्न पडतो: हा माणूस कोणत्या दारातून येतो? ते दार कुठे उघडतं? आतल्या खोलीतल्या माणसाला बाहेरचं बोलणं ऐकू येईल का? नाटककाराने हे लिहिलेलं नसतं. पण रंगमंचावर दार दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून उत्तर द्यावंच लागतं.

गोडसे इतिहासाकडे याच प्रश्नांनिशी जातात. मस्तानीविषयी दंतकथांचा केवढा ढीग, पान खाल्ल्यावर गळ्यातून पिंक दिसायची वगैरे. तिची म्हणून मिरवली जाणारी चित्रं आहेत. चित्रकाराचा डोळा असलेला माणूस त्यांच्याकडे रसिकतेने बघून थांबत नाही, तो त्यांना साक्षीदारासारखं उभं करतो. ही शैली कुठली? हा पोशाख त्या काळचा आहे का? तुमच्या तलाठी कार्यालयातला उतारा आणि गोडशांचं जुनं चित्र, दोन्ही पुरावेच. वाचायची लिपी तेवढी वेगळी.

'पोत' या शब्दाचंच बघा. कापडाचा पोत आपण हाताने पारखतो. एखाद्या मुलखातल्या कलेचा पोत त्या मुलखाच्या मातीशी बांधलेला असतो, हे हाताने पारखण्याची सवय असलेल्या माणसालाच सुचावं.

---

जात्यावरची
रविवार, दुपारी ३:४०

सगळं वाचलं. एक गोष्ट खटकली ती सांगते. आतापर्यंतच्या उदाहरणांतला प्रत्येक जण शिकायला कुठे ना कुठे जाऊ शकला. कोल्हापूरला, मुंबईला, लंडनला. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना कला म्हणजे काय होतं? पहाटेचं जातं.

माझ्या आजीला दोनशेच्या वर ओव्या पाठ होत्या. मी सात-आठ वर्षांची असताना तिच्या मांडीला डोकं लावून झोपायचे, जात्याची घरघर आणि तिचा आवाज एकत्र कानावर यायचा. मला ते तेव्हा कला वगैरे वाटत नव्हतं. पुढे समाजशास्त्र शिकले, महिलांच्या कामावर अहवाल लिहायची नोकरी लागली, तेव्हा मुलाखती घेताना जाणवलं की माझ्या सहकाऱ्यांना जे ऐकू येत नाही ते मला येतं. बाई सरळ विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ती आधी भावाचं सांगते, मग माहेरच्या वाटेचं, मग बैलजोडीचं, आणि जाता जाता एका ओळीत सासूचं. ओवीची चालच तशी आहे. पहिल्या चरणात कधीच मुद्दा नसतो. ज्याला ते ठाऊक नाही तो टेप आधीच बंद करतो.

सरोजिनी बाबर यांचं नाव इथे यायलाच हवं. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या, १९२० चा जन्म. राज्याच्या लोकसाहित्य समितीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं आणि ओव्या, उखाणे, सणवारांची गाणी, कहाण्या यांचे खंडामागून खंड काढले. आमदार झाल्या, खासदारही झाल्या, पण नाव राहिलं ते या कामामुळे. त्यांचं लेखन वाचताना कळतं की ही बाई ते साहित्य बाहेरून गोळा करायला आलेली नाही, घरातलंच उचलून दाखवते आहे.

आणि हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी मुळशीकडून सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम. एक लाखाहून जास्त ओव्या त्यात जमा झाल्या. एवढा मोठा ऐवज ज्यांनी रचला त्यांतल्या बहुतेकींना सही करता येत नव्हती. मला कधी कधी वाटतं, त्यांच्यात किती लेखिका होत्या.

---

वाटेगावकर
रविवार, सायंकाळी ६:०५

जात्यावरची ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि त्याच धाग्याला धरून अण्णा भाऊ साठे.

इथे 'छंद', 'आवड' असे शब्द येत आहेत. आमच्याकडे कला ही आवड म्हणून आली नाही. अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, वाटेगावचा, मातंग घरातला. शाळेशी जेमतेम तोंडओळख. मुंबईत गिरणीत काम, मिळेल ती मजुरी. तमाशाच्या फडात ढोलकी, गाणं, सोंग, सगळं केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. कादंबऱ्या सगळ्यांना माहीत आहेत. इथे बोलायचंय ते त्यांच्या रशियाच्या प्रवासवर्णनाबद्दल. १९६१ साली ते सोव्हिएत रशियाला गेले आणि परतल्यावर त्यावर पुस्तक लिहिलं.

ते जरूर वाचा. मराठीतल्या परदेशवर्णनांची त्या काळातली रीत म्हणजे बोटीचा डेक, हॉटेलातला काटा-चमचा, बर्फाचं कौतुक. अण्णा भाऊंचं लक्ष माणसांवर. कोण काम करतंय, रस्ता झाडणारी बाई कशी वागवली जाते, मजुराच्या घरात काय आहे. आणि सांगण्याची ढब अशी की समोर हजार माणसं बसली आहेत, मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेलं पाहिजे. वाक्य लांबवलं तर ढोलकी थांबते, लोक उठून जातात. ती शिस्त त्यांना वगात मिळाली. वगात हसवता हसवता सावकाराचं नाव घ्यायचं असतं.

@सातबारा, तुम्ही विचारलंत की कला देखण्या गोष्टींकडे ओढते का. कोणती कला, ते आधी विचारा. तमाशाने अण्णा भाऊंना देखण्याकडे ओढलं नाही. पाणी कोणी अडवलं, हाच त्यांच्या वगाचा विषय होता.

---

सातबारा
रविवार, रात्री ८:२०

@वाटेगावकर, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. मनापासून आभार. ते प्रवासवर्णन मागवतो.

---

कागदी_मोर
रविवार, रात्री ९:५०

एक वेगळं टोक मांडते. अनिल अवचट.

ओतूरचे, जन्म १९४४, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर. पण दवाखाना चालवला नाही. पहिलं पुस्तक 'पूर्णिया' १९६९ मध्ये, बिहारवर. मग हमाल, तंबाखूत काम करणाऱ्या बाया, भटके, व्यसनी माणसं. १९८६ मध्ये पत्नी सुनंदा यांच्याबरोबर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. आणि हे सगळं करत असताना बासरी, ओरिगामी, लाकडातलं कोरीव काम, चित्रं, फोटो, स्वयंपाक. बासरी कोणाकडे रीतसर न शिकता.

मुद्दा असा की अवचटांचे पुष्कळ छंद मोठेपणी लागले. म्हणजे धाग्याच्या शीर्षकातलं 'लहानपणी' त्यांना लागू होत नाही. मग धागाकर्ती म्हणतात तशी सवय 'पंचविशीनंतर लागणं कठीण' हे कसं?

मला दिसतं ते असं. त्यांना प्रत्येक नव्या कामात पुन्हा नवशिका व्हायला आवडायचं. लाकूड कोरताना हत्यार कुठे अडतं, कागदाची घडी कुठे चुकते. आणि ज्याला स्वतःच्या हाताने एखादी गोष्ट जमत नाही हे रोज अनुभवायला मिळतं, तो दुसऱ्याच्या कौशल्याकडे खालून वर बघतो. त्यांचे हमालांवरचे, विणकरांवरचे लेख वाचताना 'बिचारे' असा सूर लागत नाही. पाठीवर ओझं कसं घेतात, तोल कुठे ठेवतात, हे ते शागिर्दासारखं विचारत असणार असं वाटतं. कुतूहल वयावर नसतं, एवढंच म्हणायचं आहे.

---

बारवांच्या_शोधात
रविवार, रात्री १०:४५

@कागदी_मोर, पटलं. 'पंचविशीनंतर कठीण' हे मी माझ्या माळ्यावरच्या रंगपेटीकडे बघून लिहिलं होतं. ते विधान मागे घेते.

@जात्यावरची, मुलाखतीतला ओवीचा क्रम तुम्ही सांगितलात तो मी आज तीन वेळा वाचला. माझ्याकडे बारवांच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केलेल्या आहेत. त्यात त्या 'भरकटल्या' असं समजून मी कितीतरी भाग उतरवूनच घेतलेला नाही. उद्यापासून पुन्हा ऐकायला बसते.

---

आठवीची_आई
सोमवार, सकाळी ११:३०

मी इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. मुलगी आठवीत आहे. एलिमेंटरी झाली, आता इंटरमिजिएटला बसायचं म्हणते. शिकवणीच्या वेळांशी चित्रकलेचा वर्ग आड येतो आहे. घरात सगळे म्हणतात दहावीच्या वाढीव गुणांपुरतं ठीक, नाहीतर वेळ कशाला. तिला पुढे चित्रकार व्हायचं नाहीये, ती स्वतःच तसं म्हणते. तिला वन्यजीवांबद्दल वाचायला फार आवडतं. काय करावं?

---

निवृत्त_कलाशिक्षक
सोमवार, दुपारी १:१०

ताई, बसू द्या. गुणांसाठी नाही. आणि वर्ग जमत नसेल तर वर्गाचाही आग्रह धरू नका. तिला वन्यजीव आवडतात ना? मग रोज एक पक्षी. खिडकीतला, अंगणातला, कुठलाही. पाहताना काढायचा नाही. पाहून घ्यायचा, पाठ फिरवायची, घरात येऊन काढायचा. खाली तारीख, वेळ आणि तो काय करत होता ते एका ओळीत. दुसऱ्या दिवशी तोच पक्षी पुन्हा बघून आदल्या चित्रातली चूक लाल पेन्सिलीने दुरुस्त करायची. खोडायची नाही, चूक दिसली पाहिजे. वही दोनशे पानी घ्या.

---

खर्ज
सोमवार, दुपारी २:००

आणि आवाजही लिहायला सांगा. साळुंकी एका दमात किती प्रकारांनी बोलते ते मोजायला लावा. कान तयार व्हायला याहून स्वस्त उपाय नाही.

---

बारवांच्या_शोधात
पुढील शनिवार, रात्री ९:१५

आठवडाभर त्या जुन्या मुलाखती ऐकल्या. एक सांगायलाच हवी.

दोन वर्षांपूर्वी परभणीकडच्या एका गावात एका आजींना मी विचारलं होतं, "बारवेचं पाणी कधी आटलं?" त्यांनी बहिणीच्या लग्नाचं सांगायला सुरुवात केली. वऱ्हाड किती आलं, जेवणावळीला काय होतं, कोण रुसलं. मी चार मिनिटांनी रेकॉर्डिंग थांबवलेलं आहे, तसं माझ्या वहीत लिहिलंय: 'विषयांतर'. या वेळी ती चार मिनिटं शेवटपर्यंत ऐकली. माझं बोट बटणावर पडायच्या आधी त्या म्हणतात, "...अन् वऱ्हाडाला पाणी पुरंना, तर आबानं चार गाड्या नदीला धाडल्या. त्याच्या आदल्या साली वरच्या मळ्यात इंजिन बसलं हुतं."

पाणी कधी आटलं, का आटलं, दोन्ही उत्तरं तिथेच होती. बहिणीच्या लग्नाचं साल गावातल्या कोणाकडूनही कळेल. इंजिन कोणाच्या मळ्यात बसलं, ते @सातबारा यांनी सांगितलेल्या वाटेने शोधते.

उद्या सकाळच्या एसटीने पुन्हा त्या गावी निघाले आहे. आजी आहेत, फोनवर बोलणं झालं. वही घेतली आहे, आणि माळ्यावरची रंगपेटीही उतरवली. रंग वाळून खडे झालेत, पण पेन्सिली चांगल्या आहेत.